काठीचे दोन तुकडे: ‘टॅली’ शब्दाच्या प्रकल्प नोंदी

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

पुतणीच्या शाळेत २२ डिसेंबरला गणित दिन आहे. बाईंनी यंदा मुलांबरोबर पालकांनाही कामाला लावलंय. प्रत्येक घरानं मोजणीशी संबंधित एक शब्द घ्यायचा, त्याचा तक्ता करायचा आणि जमलं तर एखादी वस्तूही आणायची. भावाच्या मागे पाहुणे, म्हणून काम माझ्या गळ्यात.

शब्द शोधायला लांब जावं लागलं नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीचे हिशोब लिहितो. दिवसभरात एक शब्द शंभर वेळा कानावर पडतो. “टॅली झालं का?” “बँकेचं चाळीस रुपयांनी टॅली होत नाही.” “जरा टॅली उघड, त्या पार्टीचं खातं बघू.”

संध्याकाळी हे लिहून काढताना एक गंमत ध्यानात आली. इंग्रजी शब्दकोशात टॅलीचा पहिला अर्थ मोजदाद, नोंद ठेवणं असा आहे. माझ्या तिन्ही वाक्यांत मोजणं कुठेच नाही. दोन वाक्यांत जुळणं आहे आणि तिसऱ्यात हिशोबाचं सॉफ्टवेअर. मोजणीचा म्हणून घेतलेला शब्द आपण मोजायला वापरतच नाही. तक्ता इथूनच सुरू करायचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

शब्दाचं मूळ लॅटिनमधलं ‘तालेआ’. अर्थ: कापलेली काठी, लावणीसाठी छाटलेली फांदी. तासगावच्या द्राक्षवाल्याला हे समजावायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. तो जिला ‘काडी’ म्हणतो तीच ही.

तालेआवरून लॅटिनमध्ये ‘तालिआरे’ म्हणजे कापणं आलं, तिथून ते जुन्या फ्रेंचमध्ये गेलं आणि मग भावंडांची रांगच लागली. कापड कापणारा तो टेलर. ठोक मालाचे तुकडे पाडून विकणं ते रिटेल. गोष्टीचे बारीक तुकडे करून सांगणं ते डिटेल. आणि खाचा कापलेली काठी ती टॅली.

दुपारी दूध आणायला गेलो तर आमच्याच गल्लीत पाट्या: ‘लेडीज टेलर’, पुढे ‘होलसेल व रिटेल’, पलीकडे ‘टॅलीसह संगणक कोर्स’. अडीचशे पावलांत एका लॅटिन काडीची तीन नातवंडं. फोटो काढले, तक्त्यावर लावायचे.

शिकारीतली ‘टॅली हो’ ही आरोळी मात्र या घरातली नाही. ती फ्रेंच शिकाऱ्यांच्या हाकाटीवरून आली, तिला बाहेर ठेवलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज खरा माल सापडला. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं ११७० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी खजिन्याचं कामकाज कसं चालतं यावर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. गुरू-शिष्याचा संवाद आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतो. त्यात टॅलीची काठी कशी कापायची त्याची मापंच दिली आहेत.

काठीची लांबी: अंगठा आणि तर्जनी ताणून होईल तेवढी.

इथे मी थांबलो. कारण याला आपल्याकडे शब्द आहे: टीच. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ती वीत, अंगठ्यापासून तर्जनीपर्यंत ती टीच. ‘टीचभर पोट’ मधली टीच. आठशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज कारकुनाचं माप मराठीत एका शब्दात बसलं.

पुढची मापं, वहीत उतरवली तशी:

हजार पौंड: तळहाताच्या जाडीची खाच. शंभर पौंड: अंगठ्याच्या रुंदीची. वीस पौंड: करंगळीची. एक पौंड: पिकलेल्या जवाच्या दाण्याएवढी. शिलिंग: त्याहून लहान, पण लाकडाचा कपचा निघालाच पाहिजे. पेनी: नुसती चीर, लाकूड काढायचं नाही.

जवाचं मापही आपल्याला परकं नाही. आठ जव म्हणजे एक अंगुळ असा हिशोब जुन्या पोथ्यांत आहे. पण मला जास्त आवडली ती पेनी. सर्वांत लहान नाण्यासाठी लाकडाचा कणही खर्ची घालायचा नाही, फक्त सुरी टेकवायची. हे ज्यानं ठरवलं तो पक्का हिशोबनीस असणार.

ठरलं. तक्त्याबरोबर ही काठी हातानं करायची.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तिथे ही काठी बहुतेक हेझल नावाच्या तिकडच्या झाडाची असे. सांगलीत हेझल कुठून आणणार? शेजाऱ्यांच्या परसात पेरू आहे, एक फांदी मागून घेतली. कोयत्यानं साल काढली, चारी बाजू सपाट केल्या, खाचाही कापल्या. आता काठी लांबीत उभी चिरायची, देणाऱ्याला एक तुकडा, घेणाऱ्याला एक. पटाशी ठेवून वर हातोडी मारली तर चीर सरळ जायचं सोडून घोरपडीसारखी आडवीतिडवी गेली आणि मधेच बाहेर पडली.

मग तुरीची काठी घेतली. दुसऱ्याच खाचेला ती मोडली.

मग बांबू. बांबू चिरतो सुंदर, पण आतून पोकळ. खाच खोल गेली की थेट भोकच पडतं.

गल्लीच्या टोकाला सुतारमामांचं दुकान आहे. पेरूचा तुकडा हातात घेऊन त्यांनी एका नजरेत निकाल दिला. “ह्यात पीळ हाय सायेब. पिळाचं लाकूड सरळ फुटनार न्हाई. निरगुडी आना वढ्याकडची. बुट्ट्या इनत्यात त्येची.”

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बाईंचा फोन. तक्त्यासाठी एक वाक्य सुचवत होत्या: ‘मराठीतला ताळा हा शब्द इंग्रजी टॅलीवरून आला.’ पाठ्यपुस्तकात टॅली मार्क्सना, म्हणजे मोजताना मारायच्या रेघांना, ‘ताळ्याच्या खुणा’ म्हणतात, त्यावरून त्यांना तसं वाटलं. वाटणं साहजिक आहे. ताळा, टॅली. एक बेरीज बरोबर आहे का ते बघतो, दुसरा जमाखर्च जुळतो का ते.

मी म्हटलं, “बाई, ते वाक्य नको.” ताळेबंद हा शब्द पेशव्यांच्या दफ्तरात आहे. तेव्हाच्या कारकुनाला इंग्रज खजिन्यातल्या काठ्यांचा पत्ता असायचं कारण नव्हतं. टॅलीची वाट तर लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी अशी पायरीपायरीनं दाखवता येते, त्या वाटेत मराठी कुठेच लागत नाही. दोन माणसांचे चेहरे मिळतेजुळते असले म्हणून ते चुलतभाऊ ठरत नाहीत.

बाई जरा हिरमुसल्या. मग मी म्हटलं, पण पुस्तक करणाऱ्यांचं कौतुक लिहूया. त्यांनी टॅलीला असा प्रतिशब्द दिला की तो कानालाही जुळला आणि अर्थालाही. उगाच ‘गणनचिन्हे’ असलं काही केलं असतं तर मुलांच्या तोंडी कधीच बसलं नसतं. शिवाय ‘ताळ्यावर येणे’, ‘ताळमेळ’, ‘ताळतंत्र सोडणे’ ही सगळी जुळण्याचीच मंडळी आहेत. त्यांना ते पटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

निरगुडी जमली.

सकाळी ओढ्याकाठून अंगठ्याएवढ्या जाडीच्या चार काठ्या आणल्या. सालीचा उग्र वास दिवसभर हाताला होता. आई म्हणाली, “पाला तरी आणायचास, गुडघे शेकायला झाला असता.” पुढच्या खेपेला.

रक्कम ठरवली १४३ पौंड ५ शिलिंग २ पेन्स. म्हणजे अंगठ्याची एक खाच, करंगळीच्या दोन, जवाच्या तीन, त्या एका कडेला. शिलिंगच्या पाच आणि पेनीच्या दोन चिरा समोरच्या कडेला. जवाच्या खाचेसाठी खरोखरचा जव आणला, किराणा दुकानातून दहा रुपयांचा. दाणा खाचेत ठेवून बघायचा, बसला की पुढे.

मग महत्त्वाचं काम. मुठीच्या बाजूनं तीन बोटं सोडून काठीला अर्ध्या जाडीपर्यंत आडवा करवतीचा काप दिला. दुसऱ्या टोकाला पटाशी लावली आणि सुतारमामांनी सांगितल्याप्रमाणे न ठोकता, हलवत हलवत आत ढकलली. चीर खाचांच्या मधून सरळ चालली आणि आडव्या कापापाशी येऊन ‘टक्’ झालं.

हातात दोन तुकडे. एक मुठीसकट लांब, एक आखूड. प्रत्येक खाचेचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. परत एकमेकांवर ठेवले तर असे बसले की फट शोधायला नख लावावं लागलं. लाकडाचे उभे तंतूसुद्धा एका तुकड्यातून दुसऱ्यात गेलेले दिसत होते.

आता कोणी आपल्या तुकड्यावर गुपचूप एक जास्तीची खाच कापली तर? समोरच्या तुकड्यावर ती नसणार. कोणी दुसऱ्याच काठीचा तुकडा आणून दावा केला तर तंतू जुळणार नाहीत. अक्षरशत्रू माणसालाही यात फसवणं अवघड.

शब्दकोशातला ‘जुळणे’ हा अर्थ नंतर कधी चिकटलेला असेल असं मला वाटत होतं. हातात दोन तुकडे घेऊन बसल्यावर कळलं की तो अर्थ या वस्तूच्या पोटातच आहे. खाचा कापणं हे निम्मं काम. दोन्ही तुकडे समोरासमोर आणून बसवले की मगच हिशोब पुरा. आपल्या पेढीवर कोणी ‘टॅली झालं का’ विचारतं तेव्हा तो या दुसऱ्या निम्म्याबद्दलच विचारत असतो.

२ डिसेंबर, मंगळवार

दोन तुकड्यांची नावं. मुठीचा लांब तो ‘स्टॉक’, आखूड तो ‘फॉइल’. ज्यानं पैसे भरले किंवा कर्जाऊ दिले त्याच्याकडे स्टॉक राहायचा, समोरच्याकडे फॉइल. स्टॉक म्हणजे मुळात खोड, ओंडका. फॉइल हे ‘फोलियुम’ म्हणजे पानावरून. खोड एकाकडे, पान दुसऱ्याकडे.

आणि फॉइलच्या समोरचं ते काउंटरफॉइल! बँकेत पैसे भरायच्या स्लिपचा जो अर्धा भाग शिक्का मारून परत मिळतो, तो. कागद आला तरी चिरायची पद्धत सुटली नाही, फक्त पटाशीच्या जागी टिकल्याटिकल्यांची रेघ आली.

इथे एक आडवाट, तक्त्यात बसणार नाही पण लिहून ठेवतो. या खजिन्याचं नाव ‘एक्स्चेकर’. फिट्झनीलच्या वर्णनात दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल आहे, त्यावर चौकटीचं कापड अंथरून सोंगट्यांनी हिशोब मांडायचे. पट बुद्धिबळासारखा दिसायचा म्हणून फ्रेंचमधलं बुद्धिबळाच्या पटाचं नाव खात्याला पडलं. त्या नावाच्या मुळाशी आहे फारसी ‘शाह’. आपण बुद्धिबळात जो ‘शह’ देतो तो त्याच शाहचा. इंग्रजी ‘चेक’ही तिथलाच. म्हणजे पार्टीला चेक देणं आणि शह देणं, दोन्ही एकाच घराण्यातलं. काही पार्ट्यांचे चेक बघता पटतंही.

६ डिसेंबर, शनिवार

तक्त्याचा मधला भाग एका आगीच्या गोष्टीला दिला. मुलांना हेच आवडणार.

ब्रिटिश खजिन्यात काठ्या थेट १८२६ पर्यंत चालल्या. न्यूटन येऊन गेला, वाफेचं इंजिन आलं, छापील नोटा आल्या, तरी खजिन्यात सुरी आणि काठी. वापर बंद झाल्यावर साठलेल्या काठ्यांचं करायचं काय? १८३४ मध्ये दोन गाड्या भरतील एवढ्या जुन्या टॅल्या जाळून टाकायचा हुकूम झाला. त्यासाठी जागा निवडली ती ब्रिटिश संसदेतल्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्या.

१६ ऑक्टोबर १८३४. सकाळपासून दोन मजूर भट्टीत काठ्या कोंबत होते. शतकानुशतकं वाळलेलं लाकूड ते, पेटायला किती वेळ? दुपारी सभागृह बघायला आलेल्या पाहुण्यांना जमीन बुटातून गरम लागली, आत धूर दिसला. तरी काम उरकून मजूर घरी गेले. संध्याकाळी सहानंतर ज्वाळा बाहेर पडल्या. रात्रीत लॉर्ड्स आणि कॉमन्स दोन्ही सभागृहं गेली. जुना वेस्टमिन्स्टर हॉल तेवढा वाचवता आला. चित्रकार टर्नर गर्दीत उभा राहून बघत होता, पुढे त्यानं या आगीची दोन मोठी तैलचित्रं केली.

चार्ल्स डिकन्सनं १८५५ मधल्या एका भाषणात या प्रकाराची भरपूर टर उडवली. त्याचा मुद्दा साधा होता. आजूबाजूच्या गरिबांना जळण म्हणून या काठ्या वाटून टाकल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण सरकारी कागद, म्हणजे सरकारी लाकूड, ते बाहेर कसं द्यायचं! पेढीवर हे सांगितलं तर आमचे दिवाणजी म्हणाले, “आपल्याकडे रद्दी काढायला तीन सह्या लागतात, त्यातलंच.”

अजून एक. देशाचा प्रमाण यार्ड आणि प्रमाण पौंड, म्हणजे ज्यावरून सगळी मापं-वजनं तपासायची ते मूळ नमुने, याच इमारतीत ठेवलेले होते. त्या आगीत तेही निकामी झाले. मोजणीच्या काठ्यांनी मापाची पट्टी जाळली.

१० डिसेंबर, बुधवार

पुतणीचा प्रश्न: “काका, वीस पौंडाला वेगळी खाच का? शंभरनंतर दहा यायला पाहिजे ना?”

चांगला प्रश्न. उत्तर ‘स्कोअर’ या शब्दात आहे. जुन्या नॉर्स भाषेत ‘स्कोर’ म्हणजे खाच, आणि वीसही. मोजताना दर विसाला मोठी खाच मारायची, म्हणून खाच म्हणजेच वीस झाले. लिंकनच्या १८६३ च्या गेटिसबर्गच्या भाषणाची सुरुवात ‘चार स्कोअर आणि सात वर्षांपूर्वी’ अशी आहे, म्हणजे सत्त्याऐंशी.

आईनं लगेच सूर लावला. तिची आजी ‘तीन विसा’ म्हणजे साठ, ‘पाच विसा’ म्हणजे शंभर असंच मोजायची. हाताची बोटं, पायाची बोटं, झाले वीस.

क्रिकेटमध्येही सुरुवातीला धावा काठीवर खाचा मारून मोजत, आणि धावेला चक्क ‘नॉच’, म्हणजे खाचच म्हणत. पुतण्या मॅच बघत होता. “स्कोअर किती?” विचारलं. तो म्हणाला, “दोनशे बारा.” मी म्हटलं, “अरे, म्हणजे साडेदहा विसा आणि दोन.” त्यानं आवाज वाढवला.

१४ डिसेंबर, रविवार

आज आई आणि दूधवाल्याचा महिन्याचा वाद. आईच्या हिशोबानं नोव्हेंबरात चार खाडे, त्याच्या वहीत तीन. आईनं भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, नोव्हेंबरचं पान उलटलं, बॉलपेननं गोल केलेले चार आकडे दाखवले. त्यानं वही काढली. दोघं तारखा समोरासमोर लावत गेले. नऊ तारखेला अडकलं. त्या दिवशी तो आलाच नव्हता, त्याचा भाचा आला होता आणि आम्ही बाहेरगावी, भाच्यानं वहीत लिहिलं नाही. दूधवाल्यानं मान्य करून पैसे वजा केले. चहा झाला.

मी बाजूला बसून बघत होतो. एक तुकडा कालनिर्णयावर, एक वहीत.

पेढीवर तरी वेगळं काय आहे? विकणाऱ्यानं जीएसटीच्या विवरणात आपलं बिल टाकायचं, ते आम्हाला जीएसटीच्याच ‘२बी’ नावाच्या तक्त्यात दिसायचं, मग आमच्या खरेदीशी जुळलं तर करवजावट मिळते. त्याचा तुकडा आला नाही तर आमच्या तुकड्याला किंमत नाही. आणि हे सगळं मी ज्या प्रोग्रॅममध्ये करतो तो बंगळुरूचा. १९८६ साली सुरू झालेल्या गोयंका पितापुत्रांच्या कंपनीनं पुढे त्याला ‘टॅली’ हे नाव दिलं. आज ‘टॅली येतं का?’ हा प्रश्न मराठीत नोकरीच्या मुलाखतीत विचारतात, आणि त्याचं उत्तर द्यायला काठी लागत नाही.

२० डिसेंबर, शनिवार

तक्ता पुरा. शेवटचा कोपरा खुणांना: चार उभ्या रेघा, पाचवी त्यांना छेदणारी आडवी. शेजारी चीन-जपानमधली पद्धत, पाच फटकाऱ्यांचं ‘正’ हे अक्षर एकेक रेघ वाढवत पुरं करायचं. दोन्हीकडे पाच, कारण चाराच्या पुढे डोळा चुकतो. पुतणीनं अक्षर माझ्याहून चांगलं काढलं.

फ्रेंचांना जागा उरली नाही. १८०४ च्या त्यांच्या नागरी संहितेत टॅलीला पुरावा मानणारं कलम होतं, १३३३. पावाच्या उधारीचा हिशोब बेकरीवाला आणि गिऱ्हाईक काठीवरच ठेवायचे.

२२ डिसेंबर, सोमवार

शाळेत गर्दी. तक्ता फारसा कोणी वाचला नाही. काठीपाशी मात्र रांग. मी आणखी पाच काठ्या चिरून नेल्या होत्या, दहा तुकडे टेबलावर मिसळून ठेवले: जोड्या लावा. मोठी माणसं खाचा मोजत बसली. चौथीतला एक मुलगा खाचा न बघता तुकडे नाकाजवळ धरून लाकडाच्या रेषा बघायचा. मिनिटभरात पाचही जोड्या लावल्या. घरी काय करतात विचारलं तर वडील लाकडाच्या वखारीत.

बाईंनी ताळ्यावरचं माझं टिपण मुलांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

सामान आवरताना माझ्या मूळ काठीचं फॉइल सापडेना. टेबलाखाली, पिशवीत, तक्त्याच्या गुंडाळीत, कुठेच नाही. कोणीतरी खिशात घालून नेलं असणार. संशय वखारीवाल्याच्या मुलावर आहे, पण बाईंना काही बोललो नाही.

स्टॉक माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. वहीत लिहिलं: १४३ पौंड ५ शिलिंग २ पेन्स, येणे.